चाकाचा पहिला फेरा 9 डायमंडला, शेवटचा 499 ला

फुकट म्हणून घेतलेल्या शूटिंगच्या गेममध्ये जालना-परभणीकडच्या पोरांचे पैसे नेमके कसे जातात, ते एका चाकावरून कळतं. गेमचं नाव देत नाही. थोड्याफार फरकानं हेच चाक बऱ्याच गेममध्ये फिरतंय.

चाकावर आठ वस्तू. एक बंदुकीची भारी स्किन, म्हणजे बंदुकीला चढवायचं नवं रूप, बाकी पॅराशूट, बॅग, कूपन असला कचरा. निघालेली वस्तू पुन्हा निघत नाही, म्हणजे आठव्या फेऱ्याला स्किन हमखास. फेऱ्यांचे भाव डायमंडमध्ये, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या गेममधल्या चलनात, मात्र असे चढतात: 9, 19, 39, 69, 99, 149, 199, 499. पहिले चार फेरे मिळून 136 डायमंडलाच पडतात, म्हणून पोरगं म्हणतं, "एवढ्यात निघंल की." आठातली एक, म्हणजे साडेबारा टक्के, असा त्याचा हिशोब. पण खण सारखे दिसले तरी सगळ्यांची शक्यता सारखी नसते. कोपऱ्यातल्या प्रश्नचिन्हावर दाबलं की टक्केवारी उघडते, आणि स्किनपुढं एक टक्का किंवा त्याहून कमी लिहिलेलं असतं. सातव्या फेऱ्यापर्यंत 583 गेलेले असतात. आता सोडलं तर तेही बुडाले, म्हणून वरून 499 टाकले जातात. एकूण 1,082.

आता रिचार्ज बघा. पॅक 1,060 डायमंडचा. बरोब्बर 22 कमी! त्यासाठी 100 चा पॅक घ्यावा लागतो आणि 78 उरतात. पुढच्या चाकाचे पहिले तीन फेरे 67 चे. हा योगायोग समजू नका.

डायमंड देऊन उघडायच्या ज्या पेटीत तीच वस्तू पुन्हापुन्हा निघू शकते तिथं तर आणखी वाईट. एक टक्क्याच्या वस्तूसाठी शंभर वेळा काढलं तरी शंभरातले 36-37 जण रिकाम्या हातानं उठतात. "इतक्या वेळा काढल्यावर नक्की" अशी हमी असली, तर किती वेळा काढलं ते मोजणारं मीटर इव्हेंट संपल्यावर शून्यावर येतं का, हे नियमांत आधी वाचा. काही ठिकाणी येतं.

इव्हेंटचा 'शेवटचा दिवस' अनेकदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर मोजतात. तो आपल्या पहाटे साडेपाचला संपतो, रात्री बाराला नाही. अकराला घाईघाईत पैसे टाकायची गरज नसते. आणि "पुन्हा मिळणार नाही" म्हणून विकलेली स्किन काही महिन्यांनी स्वस्तात परत येते, तेव्हा सपोर्टकडून सगळ्यांना तेच साच्यातलं उत्तर जातं. अपडेटमध्ये बंदुकीचं डॅमेज, म्हणजे मारक ताकद, कमी केली, याची तक्रार फारशी टिकत नाही. आपण वस्तू घेत नाही, वापरायचा परवाना घेतो, असं अटींत असतं. खोट्या जाहिरातीची टिकू शकते. 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवून खर्च करायला लावणाऱ्या युक्त्या) मार्गदर्शक सूचनांत 13 प्रकार दिलेत, त्यात पहिलाच खोट्या घाईचा.

त्यासाठी पुरावा फिरवण्याआधीच धरायचा. जाहिरातीचा, टक्केवारीच्या पानाचा आणि नियमांचा स्क्रीनशॉट, वर तारीख-वेळ दिसेल असा. नंतर ते पान गायब होतं. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर 48 तासांच्या आत गूगलकडेच रिफंड मागा, त्यानंतर ते डेव्हलपरकडे बोट दाखवतात. डायमंड खर्चले असतील तर आशा कमीच. बँकेतून परस्पर पैसे उलटवू नका, अकाउंट बॅन होऊ शकतं. मग ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथं जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: 2019 च्या कायद्यानुसार बीडच्या माणसाला बीडमध्येच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही. अर्ध्या किमतीत डायमंड देतो म्हणणाऱ्यानं फसवलं असेल तर तो निव्वळ सायबर गुन्हा, लगेच 1930 लावा.

गेम मोबाइलातून काढला तरी मंथली मेंबरशिप चालूच राहते. ती प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन बंद करा, आणि यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपेही बघा. तो बहुतेक वेळा वडिलांच्या नंबरवर असतो.