सिनेमाची रंगीत फिल्म कृष्णधवल धुताना : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नऊ महिन्यांत मी सिनेमासाठी तयार केलेल्या रंगीत निगेटिव्ह फिल्मचे ३२ रोल साध्या ३५ मिमी कॅमेऱ्यात वापरले आणि ते सगळे घरच्या टँकमध्ये, कृष्णधवल डेव्हलपरमध्ये, म्हणजे सुप्त प्रतिमा दृश्य करणाऱ्या रसायनात, धुतले. त्यांपैकी २६ रोल कोडॅक व्हिजन३ ५०० टी, म्हणजे ५२१९ या फिल्मचे होते. एका चित्रीकरणातून उरलेला तिचा ४०० फुटी डबा माझ्याकडे आला, तेव्हा तो दहा-बारा वर्षे फ्रिजबाहेर पडून राहिलेला होता. उरलेले ६ रोल ताज्या २५० डी, म्हणजे ५२०७ या फिल्मचे होते. या दोन फिल्मविषयी माझी मते जवळजवळ उलटी झाली आहेत आणि त्याचे कारण सांगता यावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रंगीत फिल्म कृष्णधवल का धुवायची, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आणि तो रास्त आहे. या फिल्ममध्ये निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे वेगवेगळे थर एकावर एक असतात. डबा बरेच उन्हाळे कपाटात काढतो तेव्हा हे थर सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. एकात फॉग, म्हणजे प्रकाश न लागताही येणारा काळसरपणा, चढतो, तर दुसऱ्याची संवेदनशीलता घटते. अशी फिल्म रंगीत धुतली की सावल्यांवर एक रंगछटा येते आणि उजळ भागांवर दुसरी, आणि एक दुरुस्त करायला जावे तर दुसरी बिघडते. मी सुरुवातीला एक छोटा तुकडा रंगीत प्रक्रियेतून काढून पाहिला होता. त्यातल्या सावल्या शेवाळलेल्या भिंतीसारख्या दिसत होत्या आणि चेहरे कावीळ झाल्यासारखे. कृष्णधवल धुलाईत तिन्ही थरांतली चांदी मिळून एकच करडी प्रतिमा तयार होते. त्यामुळे थरांमधला बेबनाव दिसेनासा होतो आणि थोडा जास्तीचा फॉग एवढाच तोटा शिल्लक राहतो.

रसायनाच्या बाजूने पाहिले तर गोष्ट सोपी आहे. सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हसाठी ठरलेल्या ईसीएन-२ या प्रक्रियेत सीडी-३ नावाचा डेव्हलपर चांदीच्या क्षारांवर काम करतो. ते करताना तो स्वतः ऑक्सिडाइझ होतो आणि इमल्शनमध्ये, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी लेपात, आधीच पेरलेल्या कपलर नावाच्या संयुगांशी जुळून रंगद्रव्य बनवतो. नंतर ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात. डी-७६ किंवा एचसी-११० यांसारख्या डेव्हलपरमध्ये कपलर हात बांधून बसून राहतात आणि प्रतिमा चांदीचीच उरते. अर्थात या मार्गावर ब्लीच अजिबात वापरायचा नसतो. सवयीने कोणी वापरलाच, तर हाती नारिंगी झाक असलेली कोरी पट्टी येईल.

खरी डोकेदुखी फिल्मच्या पाठीवर असते. माझ्या या दोन्ही व्हिजन३ फिल्मच्या पाठीमागे रेमजेट नावाचा काजळीचा काळा थर असतो. फिल्म आरपार गेलेला प्रकाश तो शोषून घेतो, कॅमेऱ्यात वेगाने धावणाऱ्या फिल्मवर स्थिर विद्युत साचू देत नाही आणि पाठीला ओरखड्यांपासून वाचवतो. सिनेमाच्या लॅबमध्ये तो सुरुवातीलाच अल्कली द्रावणात सैल करून पाण्याच्या फवाऱ्याने उडवला जातो. घरी फवारा नसतो, आणि अंधारात बंद टँकच्या आत काय चालले आहे हे दिसतही नाही. (याच कारणाने असा रोल कोणत्याही साध्या लॅबमध्ये न सांगता देऊ नये, काजळी त्यांच्या यंत्रात जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकांच्या फिल्मवर बसते.)

पहिल्या सात-आठ रोलना मी धुण्याचा सोडा वापरला. कोमट पाणी, त्यात दोन चमचे सोडा, एक मिनिट जोरजोरात हलवणे, आणि मग टँकमधून ओतलेले पाणी शाईसारखे काळे येते. पहिल्यांदा ते पाहताना मौज वाटते, पण मोरी घासताना वाटत नाही. थर बऱ्यापैकी निघाला. मात्र धुण्याचा सोडा बराच तीव्र अल्कली असल्यामुळे इमल्शनही फुगून मऊ झाले आणि दोन रोलवर माझ्याच बोटांचे ओरखडे उठले. त्यानंतर मी कोडॅकने प्रसिद्ध केलेल्या प्रीबाथच्या, म्हणजे डेव्हलपरआधीच्या द्रावणाच्या, सूत्राकडे वळलो. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम टाकणखार, १०० ग्रॅम सोडियम सल्फेट आणि १ ग्रॅम कॉस्टिक सोडा, तापमान २७ अंश सेल्सिअस. यातले सोडियम सल्फेट मला आधी उगाच भरीला घातलेले वाटले होते. प्रत्यक्षात तेच इमल्शनला फार फुगू देत नाही, आणि पाठीवरची काजळी धरून ठेवणारा बाइंडर तेवढा मऊ होतो. लॅबमध्ये हे द्रावण दहा सेकंद पुरते. मी ते अर्धा मिनिट न हलवता ठेवतो, ओतून टाकतो आणि मग त्याच तापमानाचे साधे पाणी भरून टँक जोरात हलवतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चार-पाच वेळा करावे लागते. शेवटचे पाणी डेव्हलपरच्या तापमानाचे घ्यावे, आणि प्रीबाथ नीट निघून गेला आहे याची खात्री करावी. तो डेव्हलपरमध्ये मिसळला की त्याची क्रिया वाढते आणि रोलमागे रोल कॉन्ट्रास्ट बदलत जातो. कॉस्टिक सोडा हाताळताना हातमोजे हवेतच.

काही जण उलटा क्रम सुचवतात : फिल्म रेमजेटसकट डेव्हलप आणि फिक्स (उरलेले चांदीचे क्षार काढून प्रतिमा पक्की) करायची आणि मग उजेडात निवांत पाठ पुसायची. हा मार्ग मी सहा रोलवर वापरून पाहिला. पुसण्याचे काम डोळ्यांसमोर होते, हा त्याचा मोठा फायदा. पण अर्धवट सुटलेले काजळीचे कण डेव्हलपरमध्ये तरंगत राहतात आणि इमल्शनवर बसतात. निगेटिव्हवरचा काळा ठिपका चित्रात पांढरा उमटतो, आणि आकाशात नसलेले तारे दिसू लागतात. फिक्सर पुन्हा वापरण्याआधी कॉफीच्या फिल्टरमधून गाळावा लागतो, हा आणखी एक उपद्व्याप. शेवटी मी आधी काढणे आणि नंतर पुसणे असे दोन्ही करू लागलो. अखेरच्या धुलाईनंतर, फिल्म ओली असतानाच, टाकणखाराच्या सौम्य पाण्यात भिजवलेला मऊ स्पंज फक्त पाठीवरून हलक्या हाताने फिरवायचा आणि पुन्हा पाण्याखाली धरायची. आणखी एक गोष्ट अनुभवाने शिकलो : या फिल्मसाठी टँकमधली, फिल्म गुंडाळायची चकती वेगळी ठेवावी. प्लास्टिकच्या चकतीच्या खोबणीत काजळी लपून राहते आणि पुढच्या साध्या कृष्णधवल रोलवर हजेरी लावते.

कॅमेऱ्यात भरण्याबाबत फारशी तक्रार नाही. सिनेमाच्या निगेटिव्हची छिद्रे आकाराने साध्या फिल्मच्या छिद्रांपेक्षा किंचित वेगळी असतात, पण माझ्या तिन्ही कॅमेऱ्यांत एकदाही फिल्म अडकली नाही. आणि तसेही ३५ मिमीचा छोटा कॅमेरा जन्मालाच आला तो सिनेमाच्या फिल्मच्या आधाराने. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकाची २४ बाय ३६ मिमीची चौकट म्हणजे सिनेमाच्या दोन चौकटी शेजारीशेजारी. चारशे फुटांतून ३६ चित्रांचे सुमारे ७० रोल निघतात. लांब फिल्म कॅसेटमध्ये भरून देणाऱ्या बल्क लोडरमध्ये शंभर फूटच मावते, म्हणून डबा आधी संपूर्ण अंधारात हाताने वाटून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते हे काम घाईच्या माणसाचे नाही. कॅसेटवर कॅमेऱ्याला फिल्मची संवेदनशीलता सांगणारा डीएक्स कोड नसतो, त्यामुळे संवेदनशीलता हाताने लावता येणारा कॅमेरा हवा. कडेला छापलेले आकडे सिनेमाच्या मोजणीचे असतात. चित्रांचे क्रमांक स्वतःच लिहून ठेवावेत.

एक्सपोजरबद्दल माझा निष्कर्ष असा आहे की डब्यावरचा संवेदनशीलतेचा आकडा विसरावा. ५०० हा आकडा ३२०० केल्विनच्या टंगस्टन दिव्यांखाली, रंगीत प्रक्रियेसाठी दिलेला आहे. कृष्णधवल धुलाईत मला साधारण एक स्टॉप (म्हणजे निम्मी संवेदनशीलता) कमी मिळाला, आणि वयाचा आणखी एक धरावा लागला. २५० वर काढलेल्या रोलच्या सावल्या फॉगमध्ये बुडाल्या, २०० वर काही वाचल्या, आणि १२५ वर मी स्थिरावलो. डेव्हलपरांत डी-७६ ने फॉग जास्त दिला. एचसी-११० एकास एकतीस या प्रमाणात, २० अंशांवर ८ मिनिटे, दर मिनिटाला चार वेळा उलटसुलट, ही पद्धत शेवटच्या पंधरा रोलना कायम ठेवली आहे. एका लिटरमागे चिमूटभर बेंझोट्रायझोल घातल्याने फॉग आणखी थोडा आटोक्यात आला, पण त्याबरोबर संवेदनशीलताही थोडी गेली. फिक्सरला मात्र घाई करू नये. रंगीत फिल्मचे थर जाड असतात, त्यामुळे जलद फिक्सरलाही मी आठ मिनिटे देतो.

आता चित्रांविषयी. ५०० टी फिल्म टंगस्टन दिव्यांसाठी बनवलेली असते. त्या प्रकाशात निळा भाग फार कमी असतो, म्हणून तिचा निळा थर मुद्दाम जास्त संवेदनशील केलेला असतो. हीच फिल्म दिवसा वापरली की रंगीत चित्र निळे पडते. कृष्णधवलमध्ये निळेपण दिसत नाही, पण त्याचा परिणाम करड्या छटांमध्ये उतरतो. निळे आकाश निगेटिव्हवर गच्च भरते आणि चित्रात कागदासारखे पांढरे येते. सावलीत आकाशाचा निळसर प्रकाश असतो, म्हणून सावल्या अपेक्षेपेक्षा मोकळ्या दिसतात. ओठ गडद होतात, त्वचेवरचे डाग आणि सुरकुत्या उठून येतात. जुन्या पिढीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मकडे किंचित झुकणारा हा स्वभाव मला म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर विलक्षण आवडला, आणि तरुण मंडळींनी आपापली चित्रे पाहून नाके मुरडली. ढग हवे असतील तर ८५ क्रमांकाचा पिवळसर नारिंगी फिल्टर लावावा. साधारण दोन तृतीयांश स्टॉप जातो, पण तिन्ही थर पुन्हा समतोलात येतात. रात्री, पिवळ्या बल्बच्या उजेडात, फिल्टरशिवायच ती आपल्या मूळ घरी असते. शिवाय रेमजेट एक्सपोजरच्या वेळी जागेवरच असल्यामुळे दिव्यांभोवती प्रभावळ पसरत नाही. रेमजेट आधीच काढून विकल्या जाणाऱ्या याच जातीच्या फिल्मवर रंगीत धुलाईत लाल प्रभावळ दिसते. ती ज्यांना आवडते त्यांना इथे ती मिळणार नाही.

ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, मात्र ठसठशीत आहे. रंगीत प्रक्रियेत चांदीचे कण जाऊन त्यांच्या जागी रंगद्रव्याचे मऊ पुंजके राहतात. इथे कण स्वतःच उरतात, तेही तीन थरांचे एकमेकांवर रचलेले. रेषांचा तीक्ष्णपणाही उणा पडतो. रंगीत डेव्हलपमेंटमध्ये काही कपलर शेजारच्या कणांची वाढ रोखणारे द्रव्य सोडतात आणि त्यामुळे कडा धारदार होतात; कृष्णधवल डेव्हलपरमध्ये ती यंत्रणा चालतच नाही. ५०० टी च्या जुन्या रोलवर हे खपून जाते, कारण त्या चित्रांकडून कोणी तीक्ष्णपणाची अपेक्षा करत नाही.

ताज्या २५० डी वर मात्र ते खपले नाही. सहा रोलमध्ये एकही चित्र असे नाही, जे साध्या कृष्णधवल फिल्मवर अधिक चांगले आले नसते. बारीक ग्रेन, धारदार कडा, उजळ भागांत रंग सांभाळण्याची ताकद, अशा ज्या गुणांसाठी ही फिल्म घ्यावी, त्यांतले बहुतेक मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतले आणि बदल्यात काजळी पुसत बसलो. सिनेमाच्याच फिल्मवर कृष्णधवल काढण्याची हौस असेल, तर कोडॅकची डबल-एक्स ५२२२ आहे. ती १९५९ पासून बनते, मुळातच कृष्णधवल आहे आणि तिला रेमजेट नाही. २०२५ पासून व्हिजन३ फिल्मही रेमजेटविना येऊ लागली आहे, त्यामुळे निदान काजळीची कटकट ताज्या फिल्मपुरती मागे पडेल. कपाटांत पडलेल्या जुन्या डब्यांना मात्र ती चुकणार नाही.

धुतलेली निगेटिव्ह नारिंगी-तपकिरी दिसते. रंगीत कपलर न वापरता तसेच राहिल्यामुळे ही झाक येते. ती धुण्यातली चूक समजू नये. स्कॅन करताना मी रंगीत फाइल घेऊन फक्त लाल चॅनल ठेवतो, कारण निळ्या चॅनलमध्ये प्रकाश कमी पोचतो आणि खरखर वाढते. इन्फ्रारेडने धूळ काढणारी सोय बंद ठेवावी. चांदीच्या प्रतिमेवर ती चालत नाही, चित्रच खरवडते. निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढणाऱ्या एन्लार्जरखाली परिस्थिती अवघड आहे. प्रकाशाच्या रंगानुसार कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागदाला कडक छटा निळ्या प्रकाशाने मिळते आणि नारिंगी पाया नेमका तोच अडवतो. नेहमी अडीच क्रमांकाच्या कॉन्ट्रास्ट फिल्टरवर (आकडा मोठा तेवढी छटा कडक) होणारे काम मला चार-साडेचारवर न्यावे लागले आणि एक्सपोजर तिपटीच्या आसपास गेले. तरीही हाताने केलेल्या प्रिंटमध्ये हा ग्रेन स्कॅनपेक्षा जास्त सुखद दिसतो, असे माझे मत आहे.

डब्यात अजून चाळीसेक रोलची ५०० टी शिल्लक आहे. ती आता फ्रिजमध्ये आहे आणि १२५ वर, एचसी-११० मध्येच संपेल. उरलेली २५० डी मी रंगीत धुण्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.