आतडं किती उरलं, हे विचारणारी बेळगावची ओपीडी

आमच्या यांचं गेल्या श्रावणात आतड्याला पीळ पडून तातडीचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, ते उपकार मी विसरणार नाही. पण घरी आल्यावर दिवसाला आठ-नऊ वेळा जुलाब, तेही तेलकट, पाण्यावर तरंगणारे. चार महिन्यांत वजन ६१ वरून ४६ किलोवर आलं. मी खानापुरात शिवणकाम करते. यांच्या पँटींची कमर तिसऱ्यांदा आत घेतली, त्या दिवशी मशीनवरच रडू आलं. खाल्लेलं अंगी लागत नाही, एवढं सगळे म्हणायचे. का लागत नाही ते कुणी सांगेना. दाखवलं तिथे जुलाब थांबवायच्या गोळ्या आणि 'हलकं खा'.

मग वडगावच्या नणंदेने टिळकवाडीतली ही पोटविकाराची ओपीडी सांगितली. सकाळच्या लाल बसने गेलो. कर्नाटकात बायकांना लाल बस फुकट, म्हणून माझं तिकीट लागत नाही, यांचं तेवढं काढलं.

डॉक्टर कानडी आहेत, पण मराठी छान बोलतात. डिस्चार्ज कार्ड वाचून म्हणाले, "काका, 'खराब भाग काढला' एवढंच लिहिलंय की री. कुठला भाग काढला? उरला किती? ऑपरेशन नोट आणा, मग बोलू." पहिल्या दवाखान्यातून ती नोट मिळवायला मला दोन हेलपाटे पडले. मिळाली, आणि त्या एका कागदाने सगळं बदललं.

नोटमध्ये लिहिलं होतं की लहान आतड्याचं शेवटचं टोक १५० सेंटीमीटर काढलं, त्याच्याबरोबर मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली झडपही गेली. उरलं १८०, ते थेट मोठ्या आतड्याला जोडलं. आहारतज्ज्ञ ताईंनी माझ्या पिशवीतली टेप मागून घेतली आणि टेबलावर पसरली. "काकू, एवढं गेलं." शिंप्याची टेप असते दीडशे सेंटीमीटरची. यांच्या पोटातून अख्खी टेप गेली होती. माणसाचं लहान आतडं साधारण तीन ते आठ मीटर असतं आणि २०० सेंटीमीटरच्या खाली उरलं तर त्याला शॉर्ट बॉवेल म्हणतात, हे मला त्या टेबलापाशी कळलं.

त्यातही प्रकार आहेत. काहींचं उरलेलं आतडं पोटावर बाहेर काढून पिशवी लावतात, त्यांचं पाणी आणि मीठ भसाभस जातं. काहींची झडप आणि शेवटचा तुकडा शाबूत राहतो, त्यांचं बरंच निभावतं. यांचा प्रकार मधला. मोठं आतडं जोडलेलं असल्यामुळे ते पाणी ओढून घेतं आणि भात-भाकरीतलं न पचलेलंसुद्धा थोडंफार कामी लावतं. म्हणून भात, ज्वारीची भाकरी भरपूर, पण थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. तेल-तूप कमी. चरबी पचवायला लागणारे पित्तातले क्षार परत शोषून घेणारा भागच गेला, त्यामुळे चरबी पचत नाही. बी-१२ सुद्धा तिथेच शोषलं जातं, म्हणून त्याचं इंजेक्शन आता जन्मभर. ते गावातली सिस्टर देते.

शेंगदाण्याची चटणी बंद केली तेव्हा हे रुसले. आमच्याकडे ताटात ती नाही असा दिवस नसतो. पण ताईंनी कारण सांगितलं. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून बसते, मग शेंगदाणे, पालक, चहा यांतलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य मोकळं राहून मोठ्या आतड्यातून रक्तात जातं आणि मूतखडा होतो. मोठं आतडं शाबूत असलेल्यांनाच ही भीती असते. कारण कळल्यावर यांनी स्वतःहून चटणीचा डबा शेजारी देऊन टाकला. काय खायचं, काय नाही याचा तक्ता ताईंनी मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. आमच्या भागात दवाखान्याचे कागद इंग्रजीत नाहीतर कानडीत असतात. यांना वाचता येणारा हा पहिलाच कागद, म्हणून मी तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय.

विम्याचंही सांगते. आधीच्या कागदावर आजाराचा कोड के ९०.९ टाकला होता, म्हणजे नुसतं 'अपशोषण (खाल्लेलं आतड्यात नीट शोषलं न जाणं), प्रकार नमूद नाही'. विम्यावाले विचारत बसले, याचा ऑपरेशनशी संबंध काय? इथल्या काउंटरवरच्या मुलाने ते लगेच पकडलं. शस्त्रक्रियेनंतरच्या अपशोषणाला के ९१.२ हा वेगळा कोड आहे. डॉक्टरांच्या सहीने तसं पत्र दिलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. क्लेम अजून हातात आला नाही, पण तो प्रश्न परत आलेला नाही.

फी ५०० रुपये, त्यात ताईंचा वेळ धरून. तीन महिन्यांत वजन ५० झालंय, जुलाब दिवसाला तीनवर आलेत. जाणार असाल तर ऑपरेशन नोट आधी मिळवा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नेऊ नका. आणि नऊच्या आत नंबर लावा, नाहीतर दुपार होते.

एक तक्रार मात्र आहे. बसायची जागा तळमजल्यावर आणि संडास वरच्या मजल्यावर, तोही एकच. तिथे येणारा निम्मा माणूस जुलाबाचा असतो. पहिल्या खेपेला हे जिना चढता चढता अर्ध्यावर थांबले आणि पुढचा सगळा वेळ खाली मान घालून बसले. डॉक्टरसाहेब, तळमजल्यावर एक संडास बांधा, हात जोडून सांगते.