मुक्ता फॉन्ट: मराठी संकेतस्थळासाठी वापरण्याजोगा

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने केलेला मुक्ता गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. २०० ते ८०० अशी सात वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, पण सगळी लोड करू नका. मजकुराला ४००, मथळ्यांना ७०० पुरते. प्रत्येक जादा वजन म्हणजे आणखी एक फाइल, आणि मंद नेटवर वाचकाला तेवढे जास्त थांबावे लागते.

लहान आकारातही जोडाक्षरे स्वच्छ दिसतात, ही याची खरी ताकद. तरी मोबाइलवर १७-१८ पिक्सेलखाली जाऊ नये. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवा. इंग्रजीसाठी बसवलेली १.३ तशीच राहिली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू शकतो. बटणाचेही तसेच: उंची ठरावीक ठेवून ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा भाग) लपवला तर ‘पूर्ण करा’मधला ऊकार कापला जाऊ शकतो. उंची मोकळी सोडून वर-खाली पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, द्या.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधले जादा अंतर, शून्यच हवे. इंग्रजी मेनूसाठी दिलेले एक-दोन पिक्सेल मराठीला लागू झाले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. ही चूक फार ठिकाणी दिसते, आणि ती टाळायला कोडची एक ओळ पुरते!

उणीव एकच: तिरपी अक्षरे नाहीत. इटॅलिक मागितले की ब्राउझर सरळ अक्षरेच ओढून तिरकी करतो, ती वाईट दिसतात. जोर द्यायचा तर ७०० वजनच वापरा. बातम्या, अर्ज, दुकानांची पाने यांसाठी मी बिनधास्त सुचवेन.