जुन्या गाडीच्या वायरिंगसाठी डीसी क्लॅम्प मीटर: काही महिने वापरल्यानंतर

वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा हा मीटर ६००० काउंटचा (पडद्यावर ५९९९ पर्यंत आकडे), ६० आणि ६०० अँपिअर अशा दोन डीसी रेंजचा. वापर कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आणि त्याच पिढीच्या इतर पेट्रोल गाड्यांवर. घेताना सगळ्यात आधी हे बघा: बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर जबड्याने फक्त एसी करंट मोजतात, ते घरच्या वायरिंगसाठी असतात. डायलवर अँपिअरच्या खुणेशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ हवी. नुसती नागमोडी रेघ असेल तर तो गाडीच्या कामाचा नाही.

बहुतेक जण हा मीटर घेतात तो उभ्या गाडीची बॅटरी का उतरते ते शोधायला. चावी काढून, दारं लावून, निगेटिव्ह केबलभोवती जबडा अडकवायचा. घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी मिळून १०-२० मिलीअँपिअर चालतात, ५० च्या वर गेलं की शोध घ्यायचा. ३०० मिलीअँपिअरची गळती दिवसाला सव्वासात अँपिअर-अवर खाते, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. एवढी मोठी गळती हा मीटर लगेच दाखवतो. बारीक गळतीला मात्र तो कच्चा आहे: ६० अँपिअरच्या रेंजवर सर्वांत लहान आकडा १० मिलीअँपिअरचा, आणि झिरो केल्यावरही, म्हणजे रिकाम्या जबड्यावर आकडा शून्यावर आणल्यावरही, आकडा थोडा सरकत राहतो.

त्यावर उपाय आहे. दीड स्क्वेअर एमएमची वायर घ्या, तिचे जबड्यातून दहा वेढे काढा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं केबलच्या टर्मिनलला लावा, आणि मगच टर्मिनल खांबावरून उचला. करंट दहापट दिसतो, आकड्याला दहाने भागायचं. ही वायर जोडलेली असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइटही लावायचे नाहीत. आता एकेक फ्यूज काढत गेलात की गळतीचं सर्किट सापडतं. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळतोय का ते पाहा: बॅटरीच्या निगेटिव्हवरून ही वेढ्यांची वायरही काढा, अल्टरनेटरची जाड वायर सोडवून तिचं टोक टेपने गुंडाळा, वेढ्यांची वायर परत लावून पुन्हा मोजा.

पण इतक्या वापरानंतर माझं ठाम मत असं, की पैसे वसूल होतात ते जबड्यामुळे नाही, साध्या डीसी व्होल्टमुळे. जुन्या गाडीचे निम्म्याहून जास्त दोष गंजलेल्या जोडांचे आणि कमजोर अर्थचे (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेचे) असतात, आणि ते लोड चालू असतानाच दिसतात. ओहमवर किंवा वायर सलग आहे का ते सांगणाऱ्या बीपवर विसंबू नका. या मीटरची बीप ५० ओहमपर्यंत वाजते. दहा ओहमचा गंज असलेल्या वायरवरही ती खुशाल वाजेल आणि हेडलाइट मात्र लागणार नाही. उलट ६० वॅटचा हॅलोजन बल्ब थंड असताना पाव ओहमच्या आसपासच असतो, त्यामुळे बल्ब न काढता तपासलं तर नसलेला शॉर्ट दिसतो.

हेडलाइट पिवळट पडलेत असं धरा. इंजिन चालू, अप्पर चालू, बल्ब होल्डरमध्येच. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळा बल्बच्या अप्परच्या पिनला: १.५. आता लाल बल्बच्या अर्थ पिनला आणि काळा बॅटरीच्या निगेटिव्हला: ०.७. म्हणजे बल्बला मिळतात ११.६. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा प्रकाश साधारण तीस टक्के घटतो, त्या हिशेबाने इथे तो जवळपास निम्म्यावर आलाय. नवे, जास्त वॅटचे बल्ब टाकून हे सुटत नाही. करंट वाढतो आणि स्विच वितळतो. अर्थचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नवं लावा, वरून पेट्रोलियम जेली. पॉझिटिव्हच्या बाजूला दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच): ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून २० अँपिअरचा फ्यूज घालून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला जुनी हेडलाइटची वायर, ८५ अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो; स्विच बंद असतानाही होल्डरवर पॉझिटिव्ह आला तर ही जोडणी लावू नका, ती वेगळी येते.

सेल्फ जड फिरत असेल तर हीच पद्धत. लाल प्रोब इंजिनच्या ब्लॉकला, काळा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, आणि सेल्फ मारायचा. ०.२ च्या बराच वर गेलं तर इंजिनची अर्थ पट्टी गेली. अशा गाडीत अॅक्सिलरेटरची केबलसुद्धा गरम होते, कारण करंट परतीची वाट तिच्यातून काढतो. इथे जबडाही कामी येतो: करंट जास्त आणि सेल्फ हळू, तर दोष सेल्फमध्ये किंवा इंजिन जड, करंट कमी आणि सेल्फ हळू, तर बॅटरी, जोड किंवा सेल्फचे कार्बन ब्रश.

चार्जिंगला २००० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, १३.५ ते १४.५ हवेत. तिथेच एसी व्होल्टवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोडवर संशय घ्या. त्याआधी इंजिन बंद ठेवून एसी शून्याजवळ येतं का ते बघा, काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून भलताच आकडा देतात. याने तसं केलं नाही.

तक्रारी आहेत. पंधरा मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो आणि झिरो हरवतो, गळती शोधताना हे फार जाचक. सेल्फ मारताना आकडा इतका भरभर बदलतो की मॅक्स-मिन बटण दाबल्याशिवाय हाती काही लागत नाही. बिनस्पर्श व्होल्टेज ओळखण्याची सोय डीसीवर चालत नाही, तिचे पैसे देऊ नका. प्रोबची टोकं जाड, कनेक्टरच्या मागून शिरत नाहीत. क्रोकोडाइल क्लिपची जोडी, पातळ टोकाचे प्रोब आणि होल्डरसकट २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब वेगळा घ्या. पावणेदोन अँपिअर ओढणारा तो बल्ब, मीटरवर १२ व्होल्ट दाखवणारी पण एकाच तारेवर तगलेली वायर तिथल्या तिथे उघडी पाडतो. इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा एअरबॅगच्या वायरला मात्र तो लावायचा नाही.