कॅथोडची पावडर: खलात घोटावी की द्रावणातून आणावी?

घन-ऑक्साइड इंधनघटाच्या कॅथोडसाठी एलएससीएफ (लॅन्थनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोखंडाचं मिश्र ऑक्साइड) किंवा तिच्या जातकुळीतली, म्हणजे तशाच स्फटिकरचनेची एखादी पेरोव्हस्काइट बनवायची ठरली की पहिला प्रश्न पद्धतीचा येतो. ऑक्साइड आणि कार्बोनेट घोटून भट्टीत भाजायचे, की नायट्रेटची द्रावणं सायट्रिक आम्लात बांधून जेल करायचं? ग्लायसीन-नायट्रेट ज्वलन हा तिसरा मार्गही आहे. बीकरमधून ज्वाळ उठते, बघायला मजा येते, पण निम्मी पावडर फ्यूम हूडच्या भिंतींवर जाऊन बसते. मी ते चार वेळा केलं आणि सोडून दिलं. कुणाचा हात त्यात बसला असेल तर माझं काही म्हणणं नाही.

घोटण्याच्या पद्धतीला उगाच नावं ठेवू नयेत. शंभर-दोनशे ग्रॅम एका दमात हवे असतील, किंवा चार टोकांनी वाहकता मोजायला दाट पट्ट्या हव्या असतील, तर ती अजूनही सरळ वाटते. आम्लाच्या वाफा नाहीत, जेल उतू जात नाही. मात्र इथे कण आपापल्या जागीच असतात आणि धातूंना एकमेकांपर्यंत घन अवस्थेतच सरकत जावं लागतं. म्हणून १२०० अंशांच्या पुढे जावं लागतं, मधे दोन-तीनदा बाहेर काढून पुन्हा घोटावं लागतं. शेवटी हाती येतो तो दगड. इलेक्ट्रोडला मऊ, बारीक पावडर हवी, म्हणून तो दगड झिर्कोनियाच्या (झिर्कोनियम ऑक्साइडच्या) गोळ्यांनी दळायचा. गोळ्या थोड्या झिजतातच. लॅन्थनम आणि स्ट्रॉन्शियम झिर्कोनियाशी मिळून जे संयुग करतात ते विजेला अडवतं, म्हणून ही झीज मला कायम खटकत आली.

तरी दळणावरून मी पद्धत बदलली नसती. बदलली ती लॅन्थनम ऑक्साइडच्या एका बाटलीमुळे.

लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम फेराइटची (या दोघांच्या लोखंडासोबतच्या ऑक्साइडची) मालिका करत होतो, लॅन्थनमच्या जागी स्ट्रॉन्शियम ०.२ पासून ०.५ पर्यंत. एक्सआरडीत (एक्स-किरणांनी स्फटिकरचना तपासताना) मुख्य पीक ठीक दिसायचे, पण पायथ्याशी लोखंडाच्या ऑक्साइडचं एक बारीक टेंगूळ हटेना. स्फटिकाच्या जाळीच्या मापांचे आकडेही स्ट्रॉन्शियमबरोबर क्रमाने बदलायच्या ऐवजी वेडेवाकडे उड्या मारायचे. आधी खलावर संशय घेतला, मग भट्टीच्या थर्मोकपलवर. तीन महिने गेले. शेवटी सहज म्हणून त्या बाटलीतली १० ग्रॅम पावडर १००० अंशांना तापवली आणि गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून तोलली. ८.८ ग्रॅम भरली! बाकीचं होतं ते हवेतून प्यालेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. हिशेब कागदावर साधाच आहे: ऑक्साइड पूर्ण हायड्रॉक्साइड झालं असेल, तर १०० ग्रॅम तोललेल्या पावडरीत खरं ऑक्साइड जेमतेम ८६ ग्रॅम असतं. बाटली जितकी जुनी तितका लॅन्थनम कमी, आणि दर वेळी वेगळा कमी. उड्यांचं कारण तेच.

उपाय आहे आणि तो सगळ्यांना ठाऊकही आहे: प्रत्येक वेळी आधी भाजा, गरम असतानाच तोला. मी काही दिवस निष्ठेने केलं. मग एका घाईच्या दुपारी नाही केलं, आणि टेंगूळ परत आलं. पद्धत चांगली होती, पण माझ्या स्वभावाला तिचा जाच होता.

नायट्रेट पाणी पीत नाहीत असं नाही, उलट जास्तच पितात. पण द्रावणात एक सोय होते. लॅन्थनमचं द्रावण एकदा बनवायचं, झायलेनॉल ऑरेंज हा सूचक रंग टाकून ईडीटीएने (धातूला बांधून घेणाऱ्या रसायनाने) टायट्रेट करायचं, तांबडा-जांभळा रंग लिंबासारखा पिवळा झाला की आकडा बाटलीवर लिहायचा. पुढे तोलायचं काम नाही, पिपेट पुरते. धातू अणूंच्या पातळीवर मिसळलेले असतात, म्हणून ९०० ते १००० अंशांत माझं काम होतं आणि पावडर चिमटीत विरघळावी इतकी मऊ येते.

त्रास इथेही आहेत. जेल सुकताना बीकरच्या चौपट फुगतं, आणि नायट्रेट व सायट्रेट एकत्र असल्याने घाईने तापवलं तर पेट घेतं. मोठं भांडं, मंद आच आणि चालू हूड यांत तडजोड नको. दुसरा त्रास स्ट्रॉन्शियम कार्बोनेटचा. जेलमधला कार्बन जळताना ते तयार होतं आणि एक्सआरडीत कॉपरच्या नळीवर २५ अंशांच्या कोनाच्या किंचित पुढे डोकावतं. मुशीवर झाकण न ठेवता, हवा खेळती ठेवून भाजलं की माझ्याकडे ते बहुतेक वेळा गेलं.

तपासणीत दोन्ही मार्गांना अडचणी सारख्याच. कॉपरच्या किरणांखाली लोखंड आणि कोबाल्ट स्वतःच चमकतात, म्हणून तळरेषा वर चढते आणि असली टेंगळं तिच्यात बुडून जातात. मोजणी सावकाश करा. एक्स-किरणांना लोखंड आणि कोबाल्ट जवळजवळ सारखेच दिसतात, तेव्हा त्या दोघांच्या प्रमाणावर रिटवेल्डच्या (एक्सआरडीच्या आलेखाला गणिताने रचना जुळवण्याच्या पद्धतीच्या) आकड्यावरून पैज लावू नये. ऑक्सिजनची कमतरता मोजायला मला आयोडीनचं टायट्रेशन पुरेसं वाटतं. वायएसझेडवर (इंधनघटातल्या यिट्रियायुक्त झिर्कोनियाच्या इलेक्ट्रोलाइटवर) थेट लावणार असाल तर पावडर कुठल्याही मार्गाने आलेली असो, मधे सिरियाचा (सेरियम ऑक्साइडचा) थर लागेलच.

एकदाच पाव किलो पावडर करून विषय संपवायचा असेल, तर घोटा. रचना थोडी थोडी बदलत दहा नमुने करायचे असतील, तर मी तरी द्रावणाकडेच वळेन. ती जुनी बाटलीही मी फेकली नाही. त्यातली पावडर नायट्रिक आम्लात विरघळवतो. थोडी फसफसते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि टायट्रेशननंतर तिने पाणी किती प्यालं होतं याच्याशी मला काही देणंघेणं उरत नाही.