फ्रेड: अमेरिकेतली वर्णविषमता मोजायला ही सेवा कितपत कामाची?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लोकांमधली आर्थिक दरी कमी झाली की नाही, यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक बऱ्याचदा एकाच ठिकाणचा आलेख पुढे करतात. ते ठिकाण म्हणजे फ्रेड, सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या एका विभागीय बँकेचं) आकडेवारीचं संकेतस्थळ. ते मोफत आहे. आलेख बघायला आणि आकडे एक्सेलमध्ये उतरवून घ्यायला खातं लागत नाही. आलेख जपून ठेवायचा असेल तरच लागतं. बेरोजगारीसाठी याच्या तोडीचं दुसरं काही नाही. संपत्तीसाठी मात्र दुसरं दार ठोठवावं लागतं.

आधी बेरोजगारी. शोधपेटीत एलएनएस १४०००००६ हा क्रमांक (रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता) टाकला की कृष्णवर्णीयांचा मासिक दर येतो. गोऱ्यांचा क्रमांक एलएनएस १४०००००३. पहिली मालिका जानेवारी १९७२ पासून, दुसरी १९५४ पासून. १९७२ आधी कृष्णवर्णीयांची वेगळी नोंद छापली जात नसे, त्यांना इतर वर्णांच्या लोकांबरोबर एकाच रकान्यात धरत. म्हणून 'साठच्या दशकापासूनचा' म्हणून फिरणारा आलेख दिसला, की मागचा भाग कुठून जोडलाय ते आधी विचारावं.

दोन रेषा शेजारी ठेवून डोळ्यांनी अंदाज करण्यापेक्षा गुणोत्तर काढा. कृष्णवर्णीयांचा आलेख उघडून 'एडिट ग्राफ' दाबा, पहिल्या रेषेच्या खिडकीत खाली 'कस्टमाइझ डेटा'मध्ये गोऱ्यांची मालिका जोडा, सूत्राच्या चौकटीत 'ए भागिले बी' लिहा (भागाकाराला तिरकी रेघ) आणि 'अप्लाय' करा. नवखे लोक इथे 'अॅड लाइन' दाबतात. त्याने दुसरी रेषा स्वतंत्र उभी राहते आणि सूत्राला 'बी' सापडतच नाही. एलएनयूने सुरू होणारी मालिका घेतली तर त्यात हंगामी चढउतार काढलेले नसतात; एक एलएनएस आणि एक एलएनयू अशी सरमिसळ झाली की गुणोत्तर विनाकारण करवतीसारखं दिसतं.

आता निकाल. जानेवारी १९८३ मध्ये कृष्णवर्णीयांचा दर २१.२ टक्क्यांवर होता, एप्रिल २०२३ मध्ये ४.८ वर. दोन दरांमधला फरक घ्याल तर दरी कोसळल्यासारखी दिसेल. गुणोत्तर घ्याल तर रेषा दशकानुदशकं दोनच्या आसपास रेंगाळते आणि अलीकडे थोडी खाली येते. फरक मुख्यतः तेजी-मंदीबरोबर हलतो, त्यामुळे दीर्घकालीन कल बघायचा तर गुणोत्तरच बरं. पण तेही डोळे झाकून नको. एप्रिल २०२० मध्ये गुणोत्तर अचानक १.२ च्या घरात येतं. समता अवतरली म्हणून नव्हे, महामारीत गोऱ्यांचा दरही १४ टक्क्यांवर गेला म्हणून. पुढच्या काही महिन्यांत गोरे लवकर कामावर परतले आणि रेषा पुन्हा वर चढली.

सगळ्यात मोठी खोट पडद्यावर दिसतच नाही. हे आकडे घरोघरच्या पाहणीतून येतात आणि तुरुंगातली माणसं त्या पाहणीत धरलेली नसतात. कृष्णवर्णीय पुरुषांचं तुरुंगातलं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट आहे. म्हणजे ज्यांना काम मिळणं सर्वांत अवघड, त्यांतलेच बरेचसे हिशेबाबाहेर. सत्तरच्या दशकानंतर तुरुंग भरत गेले, त्या काळातली 'सुधारणा' वाचताना हे विसरून चालणार नाही.

घरमालकीच्या मालिका तिमाही आहेत आणि १९९४ पासून मिळतात. कृष्णवर्णीयांचा दर २०१९ च्या दुसऱ्या तिमाहीत ४०.६ टक्के, आणि वर्षभरात ४७! हा चमत्कार नाही. महामारीत पाहणीवाल्यांनी घरी जाणं थांबवलं, त्यामुळे उत्तर देणाऱ्यांची घडणच बदलली. २०२० च्या त्या तिमाह्या वगळूनच कल काढा. आणखी एक गोम अशी, की इथे गोऱ्यांच्या मालिकेतून हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वा स्पॅनिश मुळाचे लोक) वगळलेले असतात, वर दिलेल्या बेरोजगारीच्या मालिकेत मात्र ते सामील असतात. दोन्ही आलेख एकाच लेखात वापरणार असाल तर तळटीप हवीच.

संपत्तीसाठी थेट फेडरल रिझर्व्ह बोर्डाच्या कुटुंब-वित्त पाहणीच्या परस्परसंवादी तक्त्यावर जा. ही पाहणी दर तीन वर्षांनी होते आणि तक्ता १९८९ पासून सुरू होतो. 'नेट वर्थ' (मालमत्ता वजा कर्ज) निवडा, विभागणी वंशानुसार ठेवा आणि 'मीडियन' (मध्यक, म्हणजे रांगेत बरोबर मधल्या कुटुंबाचा आकडा) दाबलंय ना ते तपासा. 'मीन' (सरासरी) राहिलं तर मूठभर अतिश्रीमंत सगळं चित्र ओढून नेतात. २०२२ मध्ये मध्यक गोऱ्या कुटुंबाकडे २,८५,००० डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाकडे ४४,९०० डॉलर. म्हणजे शंभराला सोळा. २०२३ च्या मध्यक घरगुती उत्पन्नात हेच प्रमाण शंभराला त्रेसष्ट आहे. केवळ पगाराचे आलेख दाखवून दरीबद्दल बोलणाऱ्यांचं अर्धं म्हणणं इथेच गळून पडतं. संपत्ती पिढ्यानपिढ्या साठते, आणि घरांच्या व्यवहारातला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९६८ च्या कायद्याआधी कर्ज नाकारलेल्या वस्त्यांतून वारशाला फारसं काही आलंच नाही. २०२२ च्या या पाहणीत जेमतेम ४,६०० कुटुंबं होती, त्यांत कृष्णवर्णीय तर आणखीच कमी. म्हणून दोन फेऱ्यांमधल्या लहानसहान चढउतारावर मथळे रचू नयेत.

फ्रेडवर परत येताना एक सवय लावून घ्या: आकड्यासोबत तो कधी उतरवला ती तारीख लिहा. दर जानेवारीत मागच्या पाच वर्षांचे हंगामी दुरुस्तीचे आकडे बदलतात. एप्रिल २०२३ चा तो ४.८ चा आकडा आधी ४.७ म्हणून जाहीर झाला होता. जुनी आवृत्ती हवी असेल तर याच बँकेची अल्फ्रेड ही जोडसेवा आहे, तिथे तारीख टाकली की त्या दिवशी जसा होता तसाच आकडा मिळतो.