गुडघ्यासाठी चिनी औषध: काढा की पट्टी?

चिनी वैद्यकात गुडघ्याच्या झिजेवर औषधांच्या दोन मुख्य वाटा आहेत: पोटात घ्यायचा काढा, नाहीतर वरून चिकटवायची पट्टी.

काढ्यांत मोठं नाव 'दूहुओ जीशेंग तांग'चं. सातव्या शतकातल्या सुन सिमिआओ या वैद्याच्या ग्रंथातली ही 15 घटकांची कृती. त्यात दालचिनी आहे, ज्येष्ठमधाचा चिनी भाऊबंदही आहे. गारठा आणि ओल सांध्यातून बाहेर काढायची, ही त्यामागची कल्पना. आयुर्वेदातल्या आमवाताबद्दल ऐकलेल्यांना ती ओळखीची वाटेल! पण यातल्या 'शीशिन' या वनस्पतीमध्ये मूत्रपिंडाला घातक असं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असू शकतं आणि 'दांगगुई' या मुळीमुळे वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढतो. 'झाडपाल्याचं आहे, अपाय नाही' हे इथे चालत नाही.

पट्टीचा त्रास बहुधा कातडीपुरता: खाज, पुरळ. जुनी काळी पट्टी मात्र तिळाच्या तेलात औषधं तळून, शेंदूर घालून घट्ट करत. शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग, त्यामुळे जखमेवर ती नकोच. आजच्या अनेक पट्ट्यांत कापूर-मेंथॉल असतं, आराम तेवढ्यापुरता.

झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं मऊ आवरण) दोन्हींनी भरून येत नाही. साठीपुढच्या, आधीच चार गोळ्या चालू असलेल्या माणसाला मी पट्टीच सुचवेन. काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.